लोगेनच्या काठाने संत ओलावची वारी

पंढरीच्या वाटेवर टाळ-मृदंगाच्या गजरात पावलं आपोआप पडतात. नॉर्वेत संत ओलावच्या वाटेवर दिंडी नाही. कधी कधी अर्धा दिवस माणूस भेटत नाही. सोबत असते ती लोगेन नदीची.

ओस्लो ते ट्रॉन्डहाइमचं निदारोस कॅथीड्रल ही वाट ६४३ किलोमीटरची. राजा ओलाव १०३० साली स्टिक्लेस्टाडच्या लढाईत पडला, पुढे संत झाला. मी लिलेहामरपासून डोव्रेकडे निघाले, म्हणजे नदीच्या उलट दिशेने.

वाट नदीला धरून असली तरी बहुतेक वेळ वरच्या अंगाने, शेतवाड्यांमधून जाते. सारख्या चढउतारांनी गुडघे बोलू लागले, तेव्हा खाली काठाने सपाट वाट का नाही, असं मनात आलं. वाटेतल्या रिंगेबू गावी उत्तर मिळालं. १२२० च्या सुमाराचं तिथलं लाकडी चर्चही टेकडीवरच आहे. खाली पुराची भीती. जुलै १७८९ मध्ये मुसळधार पाऊस कोसळला आणि अख्खं खोरं बुडालं. जमिनी खरवडून गेल्या, कितीतरी कुटुंबं दूर उत्तरेला मोल्सएल्वच्या खोऱ्यात जाऊन वसली. हे जुनं झालं म्हणावं, तर ऑगस्ट २०२३ च्या पुरात रिंगेबूजवळचा रांडक्लेव्हचा रेल्वेपूल कोसळला. नदीचा मान राखून घर कुठे बांधावं, हे या लोकांना पिढ्यान्‌पिढ्या कळत आलंय, असं मला चालताना सारखं वाटत होतं.

एका वाड्यावर मुक्काम होता. मालकीणबाईंनी वारीच्या पुस्तिकेवर शिक्का मारला आणि पावावर तपकिरी चीज ठेवलं. दुधाचं चीज काढल्यावर उरणाऱ्या पाण्यात, म्हणजे निवळीत, साय घालून ते आटवायची रीत याच खोऱ्यातल्या आन्ने होव्हनं १८६३ च्या सुमारास काढली. धान्याला भाव नव्हता, तेव्हा या चीजनं शेतकऱ्यांना तारलं. गोडसर, खव्याच्या जवळ जाणारी चव. मी दुसऱ्यांदा मागून घेतलं.

ओट्टा गावी हिमनद्यांचं पाणी घेऊन ओट्टा नदी येऊन मिळते. डोव्रेनंतर मात्र लोगेनची साथ सुटते. ती येते पश्चिमेकडून, लेस्याच्या तळ्यातून. वाट चढते फोकस्टुगूच्या माळावर. डोंगर ओलांडला की पुढे द्रिवा, ओर्कला आणि शेवटी गाउला या नद्या भेटतात. गाउलावरून यात्रेकरूंना आजही होडीने पलीकडे नेतात.