बेसमधील प्रीअ‍ॅम्प: चौथ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीच्या वेळी जॅझ धाटणीच्या माझ्या बेस गिटारमध्ये थ्री-बँड प्रीअ‍ॅम्प (खर्ज, मिड म्हणजे मधले सूर आणि ट्रेबल म्हणजे वरचे सूर वेगवेगळे कमी-जास्त करणारे, बॅटरीवर चालणारे सर्किट) नुकताच बसवून झाला होता आणि आवाज पहिल्याच दिवशी इतका भरदार वाटला, की ती नोंद मी जरा घाईनेच लिहिली, हे आता मान्य करायला हवे. चार महिन्यांच्या वादनानंतर माझे मत बरेच बदलले आहे. या सर्किटचा मला सर्वाधिक उपयोग झाला तो खर्ज वाढवणाऱ्या नॉबमुळे नव्हे, तर त्यातील बफरमुळे (पिकअपचा संकेत केबलच्या परिणामापासून वाचवणारा टप्पा) आणि मिडच्या नॉबमुळे.

सध्याची मांडणी अशी आहे: पहिल्या भोकात व्हॉल्यूम आणि पॅसिव्ह (म्हणजे बॅटरीविना चालणारा) टोन एकावर एक, दुसऱ्यात ब्लेंड (तारांची कंपने टिपणाऱ्या दोन पिकअपचे मिश्रण ठरवणारा नॉब), तिसऱ्यात मिड आणि जॅक (केबल खोचण्याची जागा) काढल्याने मोकळ्या झालेल्या चौथ्या भोकात खर्ज व ट्रेबल एकावर एक. (एकावर एक नॉब हे काही आजचे फॅड नव्हे, १९६० साली आलेल्या मूळ जॅझ बेसवरही ते होते.) प्रीअ‍ॅम्प वगळण्यासाठी एक छोटा टॉगल स्विच दिला आहे, आणि जॅक बॉडीच्या कडेला हलवला आहे. घोळ झाला तो या जॅकपाशी.

अ‍ॅक्टिव्ह (बॅटरीवर चालणाऱ्या) बेसमध्ये स्टिरिओ जॅक वापरतात, कारण बॅटरीची ऋण तार त्याच्या रिंगला (मधल्या संपर्काला) जोडली की साधा मोनो प्लग आत जाताच रिंग आणि स्लीव्ह (ग्राउंडचा संपर्क) एक होतात व सर्किट सुरू होते. प्लग काढला की ते आपोआप बंद होते. मी ती तार रिंगऐवजी थेट स्लीव्हला सोल्डर केली होती. आवाज उत्तम येत असल्याने संशय येण्याचे कारणच नव्हते, पण सव्वा महिन्याने एका सरावात खालच्या तारेचे सूर फाटू लागले आणि टॉगल पॅसिव्हवर टाकून उरलेला सराव उरकावा लागला. घरी येऊन प्लग काढलेल्या अवस्थेत बॅटरीच्या एका टोकाशी मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला, तर काटेकोर शून्याऐवजी ०.६ मिलिअँपिअर दिसले. नऊ व्होल्टच्या अल्कलाइन बॅटरीची क्षमता साधारण ५०० मिलिअँपिअर-तास धरली, तर अखंड चालू राहून ती पस्तीस दिवसांत संपणार, आणि नेमके तेच झाले होते. नवीन जोडणी करणाऱ्या प्रत्येकाने ही एक मिनिटाची तपासणी झाकण लावण्यापूर्वी करावी.

बफरचा परिणाम ऐकण्यासाठी मी सर्व नॉब मध्यावर ठेवून तीन आणि नऊ मीटरच्या केबल आलटून पालटून लावल्या. पॅसिव्ह पिकअपचा इम्पिडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) जास्त असतो आणि केबलची धारिता (विद्युतभार साठवण्याची क्षमता) मीटरमागे सुमारे १०० पिकोफॅरड असते, त्यामुळे लांब केबलवर पॅसिव्ह आवाजाची वरची धार स्पष्टपणे बोथट झाली. टॉगल अ‍ॅक्टिव्हवर टाकल्यावर मात्र दोन्ही केबलमधला फरक मला ओळखता आला नाही.

खर्जाच्या नॉबने मात्र मला चांगलेच फसवले होते. माझ्या प्रीअ‍ॅम्पचा खर्ज ४० हर्ट्झच्या आसपास उचलतो, आणि सुट्या ई तारेचा मूळ सूर ४१ हर्ट्झचा असला, तरी तो सूर कानाला स्पष्ट होतो तो मुख्यतः ८२ आणि १२३ हर्ट्झच्या उपस्वरांतून. एकट्याने वाजवताना नॉब पाऊण फिरवला की खोली घुमायची आणि मी खूश व्हायचो. ड्रम आणि दोन गिटारींबरोबर तीच सेटिंग ठेवली की स्पीकरचा पडदा नुसता धापा टाकायचा आणि सूर गढूळ व्हायचे. शेवटी खर्ज मध्यापासून केसभर पुढे ठेवला आणि मिडची आतली निवड ८०० वरून ४०० हर्ट्झवर आणून तो थोडा वाढवला, तेव्हा अँपचा व्हॉल्यूम न वाढवताही माझी प्रत्येक ओळ ऐकू येऊ लागली. ८०० हर्ट्झची निवड पिकने वाजवताना उठून दिसते. बोटांनी वाजवताना ती मला नाकातून बोलल्यासारखी वाटते.

पॅसिव्ह टोन ठेवल्याचा पश्चात्ताप अजून झालेला नाही. ट्रेबल कमी करणे म्हणजेच टोन बंद करणे, असा समज होता, पण ०.०४७ मायक्रोफॅरडचा तो कपॅसिटर थेट पिकअपवर भार टाकून त्याचा रेझोनन्सच (ज्या कंपनसंख्येला तो सर्वाधिक प्रतिसाद देतो ती) खाली ओढतो, म्हणून त्यातून मिळणारा जुन्या वळणाचा गोल, बुटका आवाज ट्रेबलच्या नॉबने साधत नाही.

एक काम उरले आहे. ब्लेंड एका बाजूला नेऊन ट्रेबल वाढवला की किरकिर आणि गुणगुण दोन्ही वर येतात. पोकळीत तांब्याची पट्टी लावून ती ब्रिजच्या (तारा अडकवलेल्या भागाच्या) ग्राउंडला जोडल्यावर किरकिर कमी व्हावी. सिंगल-कॉइलची चुंबकीय गुणगुण त्या पट्टीने जाणार नाही, म्हणून ब्लेंड मध्यावरच ठेवतो आहे, तिथे दोन्ही पिकअपची गुणगुण एकमेकांना छेदते.