मला ओळखलंस का?

डॉक्टरांनी 100 मधून 7 वजा करत जायला सांगितलं आणि मी धडाधड 93, 86, 79, 72 म्हणत सुटले, अहो बँकेत कॅशवर उभा जन्म गेला, हे काय विचारता! पण त्याआधी सांगितलेले साधे शब्द थोड्या वेळाने विचारले तर एक आठवेल तर शपथ, आणि घड्याळाचं चित्र काढलं त्यात काटे भलतीकडेच. मग बी-ट्वेल्व्ह, थायरॉईड (त्यानेही विसरायला होतं म्हणून ते आधी बघतात), एमआरआय असं सगळं झालं आणि शेवटी अल्झायमर, पहिली स्टेज. गोळीने पूर्ण बरं होत नाही, थोडा आधार मिळतो एवढंच, हेही त्यांनी सरळ सांगितलं ते बरं केलं.

भारतात साठीपुढच्या 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया (म्हणजे स्मृतिभ्रंश, अल्झायमर त्यातलाच एक प्रकार) आहे असा अंदाज आहे, आणि तरी आमच्या पार्ल्यात हा विषय निघाला की लोक आवाज खाली करतात, जणू मी शेजारी बसलेलीच नाहीये.

आजारापेक्षा जास्त वैताग आणतात ते पाहुणे. दारातून आत आले की, "काकू, मला ओळखलंत का? सांगा बघू मी कोण?" अरे बाबा, तू आलायस की परीक्षक आलाय? नाव आठवलं नाही की छातीत धस्स होतं आणि पुढचा चहा कडू लागतो. सरळ सांगा ना, मी अमका, तुमच्या नणंदेचा मुलगा. मग बघा मी तुमची सगळी कुंडली मांडते, कारण जुनं सगळं शाबूत आहे, कालचंच तेवढं राहत नाही. मेंदूत नवीन आठवण साठवणाऱ्या भागाला हा रोग आधी धरतो, हाताला बसलेली कामं बराच काळ टिकतात, असं डॉक्टर म्हणाले.

आणि दुसरा वैताग, "तुम्ही आता आराम करा हो." सून बिचारी प्रेमानेच म्हणते पण हातातली भाजी काढून घेतली, मग किल्ल्या, मग हिशेबाची वही, आणि मी सोफ्यावर उशीसारखी. शेवटी भांडलेच. आता डाळिंब्या सोलायचं काम माझ्याकडेच आहे, मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, बोटाने चिमटला की दाणा टुणकन बाहेर, गप्पा मारत वाडगा कधी भरतो कळत नाही. गॅस मात्र एकटीने पेटवत नाही, ते मला पटलंय. मृत्युपत्र केलं, खात्यांची नॉमिनेशन तपासली, सही ठाम आहे तोवर उरकलेलं बरं. पर्समध्ये नाव आणि लेकाचा नंबर लिहिलेलं कार्ड असतं. टिळक मंदिरात गाणं असलं की मैत्रिणीबरोबर जाते, दुसऱ्या दिवशी कोण गायलं ते सांगता येत नाही पण मन दिवसभर छान राहतं, मग काय बिघडलं?

यंदा सोसायटीच्या गणपतीची वर्गणी मोजायला मला बसवा म्हटलं तर सेक्रेटरी घुटमळले. हल्ली निम्मे लोक जीपे करतात पण रोख येतेच की. पहिल्या मजल्यावरची कॉलेजातली पोरगी शेजारी बसली, मी ओल्या स्पंजला बोट लावलं आणि सुरू. बोटांना काही आठवावं लागत नाही हो, शंभर नोटांचं पॅकेट केव्हा झालं ते हातालाच कळतं, एक फाटकी नोटही बाजूला काढली. आकडा झाला की ती लगेच वहीत लिहायची, कारण पुढच्या पॅकेटपर्यंत तो माझ्याकडे राहीलच असं नाही. मोजणी माझी, आठवण तिची. हिशेब पैशाला पैसा जुळला आणि सेक्रेटरी आता म्हणतायत नवरात्राचीही तुम्हीच मोजा. मी म्हटलं मोजते, पण चिल्लर आणून ओतू नका, त्या एक आणि दोनच्या नाण्यांत धडधाकट माणूसही फसतो.