तुम्ही विचारलंत म्हणून: आरव्ही घेऊन सबर्बात कशाला जाता?

मंडळाच्या गणपतीत, कुणाच्या बारशाला, परवा तर देशी दुकानात कोथिंबीर निवडताना सुद्धा मला हाच प्रश्न आला, की अगं तुम्ही ती आरव्ही, म्हणजे आत पलंग, स्वयंपाकघर, संडास असलेली बसएवढी गाडी भाड्याने घेता आणि जाता कुठे, तर वॉशिंग्टनजवळ मेरीलँडच्या ग्रीनबेल्टला? न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये राहणाऱ्याने दुसऱ्या सबर्बात, म्हणजे उपनगरात, जाऊन मुक्काम करायचा म्हणजे डोंबिवलीकराने मुलुंडला तंबू ठोकण्यासारखं आहे. यलोस्टोन नाही, ग्रँड कॅनियन नाही, काय बाई तुमचं. आणि एवढं हसून झालं की तीच माणसं हळूच बाजूला घेऊन विचारतात, बरं पण प्लॅनिंग कसं करता ते सांग ना, आमचे पण आईबाबा येतायत जूनमध्ये.

तर विचारलंत म्हणून एकदाच सविस्तर लिहिते, पुढच्या वेळी हेच फॉरवर्ड करीन.

सुरुवात सासऱ्यांपासून झाली. अण्णांचं वय आता ७८, प्रोस्टेटचा त्रास, दर तासाला जावं लागतं. २०१९ ला ते आणि माई आले तेव्हा आम्ही आपल्या साध्या गाडीने वॉशिंग्टनला नेलं, तर हा माणूस एडिसनपासून तिथपर्यंत पाण्याचा एक घोट प्यायला नाही, का तर ट्रॅफिकमध्ये अडकलो तर काय करायचं. आम्हाला पत्ताच नाही. हॉटेलच्या लॉबीत चक्कर येऊन सोफ्यावर बसले तेव्हा कळलं. त्यात माईंना पहाटे पाचला स्वतःच्या हातचा चहा लागतो आणि रात्री गरम वरणभात, आणि हॉटेलच्या खोलीत एक मायक्रोवेव्ह सोडून काही नाही. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, पुढच्या वेळी संडास आणि स्वयंपाकघर दोन्ही बरोबर न्यायचं. तो हसला. मी खरंच तीन वर्षांनी आरव्ही बुक केली.

आता सबर्ब का. कारण दूरच्या पार्कात फोनला रेंज नसते, बीपीची गोळी विसरली तर औषधाचं दुकान पन्नास मैलांवर, आणि व्हिजिटर इन्शुरन्सवर आलेल्या म्हाताऱ्या माणसांना घेऊन तिथे रात्री झोप लागत नाही, म्हणजे मला तरी नाही लागत. उलट ग्रीनबेल्ट पार्क बघा, नॅशनल पार्क सर्व्हिसचं आहे, जवळजवळ ११०० एकर झाडी, आणि सगळ्या बाजूंनी वस्ती. रात्री हरणं दिसतात आणि त्याच वेळी झाडांच्या पलीकडून हायवेची घरघर ऐकू येते. काही लोकांना ती घरघर आवडत नाही. अण्णांना आवडली, ते एसटीच्या वर्कशॉपमध्ये आयुष्य काढलेले, त्यांना गाड्यांच्या आवाजाशिवाय झोप येत नाही.

सगळ्यात आधी, मैत्रिणीच्या ड्राइव्हवेमध्ये फुकट लावू हा विचार डोक्यातून काढा. आम्ही केलाय तो शहाणपणा. तिच्या टाउनहाउसच्या कॉलनीत संध्याकाळी गाडी लावली, सकाळी काचेवर चिठ्ठी, आणि नंतर तिला असोसिएशनचं पत्र. बऱ्याच कॉलन्यांच्या नियमात आरव्ही रात्रभर उभी करायला बंदी असते आणि तुमची मैत्रीण तुम्हाला ते सांगणार नाही, कारण तिनेही ते नियम कधी वाचलेले नसतात.

मग प्लॅनिंग. लोक कॅम्पग्राउंडपासून सुरू करतात, मी रस्त्यापासून करते. आम्ही घेतो ती क्लास सी, म्हणजे ट्रकच्या केबिनवर पलंग काढलेला असतो ती, पंचवीस फूट लांब आणि उंची बारा फुटांच्या आसपास. न्यू जर्सीत कारचं साधं लायसन्स पुरतं, चालवते मीच. उंचीचा खरा आकडा मास्किंग टेपवर लिहून स्टिअरिंगसमोर चिकटवायचा, हे पहिलं काम, कारण हायवेवर नाही तर कॉफीच्या ड्राइव्ह-थ्रूमध्ये घात होतो, सवयीने आत घुसतो आपण. न्यूयॉर्कच्या पार्कवे नावाच्या रस्त्यांवर तर जायचंच नाही, तिथले पूल बुटके. आणि दुसरं म्हणजे गॅस. आरव्हीला खाली प्रोपेनची टाकी असते आणि वाटेतल्या बाल्टिमोरच्या दोन्ही टनेलमध्ये, हार्बर टनेल आणि फोर्ट मॅकहेन्री, दहा पौंडांपेक्षा मोठी प्रोपेनची टाकी असलेल्या गाडीला मनाई आहे. हे फोनवरच्या मॅपला माहीत नसतं, तो तुम्हाला खुशाल ९५ नंबरच्या हायवेवरून सरळ टनेलच्या तोंडाशी नेऊन सोडतो.

२०२२ ला आम्ही म्हणून फ्रान्सिस स्कॉट की पुलावरून गेलो होतो. उंच पूल, खाली बंदर, अण्णा पुढच्या सीटवर, मला म्हणाले जरा हळू घे, बघू दे. मग २६ मार्च २०२४ ला डाली नावाचं मालवाहू जहाज त्या पुलाच्या खांबाला धडकलं आणि पूल खाली आला, रात्रपाळीला पुलावर खड्डे बुजवणारे सहा कामगार गेले. आम्ही सकाळी उठून व्हिडिओ बघतोय तोवर साताऱ्याहून अण्णांचा फोन, "अगं, आपण गेलो तोच का गं हा पूल?" मी हो म्हटलं, पुढे बराच वेळ दोघंही काही बोललो नाही. तेव्हापासून आरव्हीला एकच वाट उरलीय, शहराभोवतीच्या ६९५ नंबरच्या हायवेने पश्चिमेकडून बाल्टिमोरला वळसा, टाउसन, पाइक्सव्हिल, केटन्सव्हिल असं करत पुन्हा ९५ ला लागायचं. तिथे संध्याकाळी चारनंतर सापडलात तर संपलं. म्हणून सकाळी नऊला एडिसन सोडायचं, जेवण डेलावेअरच्या रेस्ट एरियात, पोळीभाजी घरचीच, आणि मधल्या वेळात अण्णांसाठी कुठेही थांबायला आपण मोकळे. पेट्रोल मात्र न्यू जर्सीतच भरून निघा. इथे कायद्याने माणूस भरून देतो, आणि ती गाडी गॅलनला आठ-दहा मैल देते, परक्या पंपावर ते धूड वळवत बसण्यात मजा नाही.

आता मुक्काम. दोन जागा आम्ही आलटून पालटून घेतो. ग्रीनबेल्ट पार्क स्वस्त आणि शांत, पण तिथे साईटला वीज-पाण्याचं कनेक्शन नाही, म्हणजे जुलैच्या मेरीलँडी उकाड्यात एसी नाही. त्यामुळे ते ऑक्टोबरला. उन्हाळ्यात कॉलेज पार्कचं चेरी हिल पार्क, खासगी आहे, महाग आहे, पण वीज, पाणी, सांडपाणी सगळं साईटवर, वर लाँड्री आणि पोहायचा तलाव. पोरं तलावात, माई लाँड्रीत ओळखी काढत बसलेल्या. कुठेही बुक करताना गाडीची लांबी विचारतात ती खरी सांगा आणि आत सरळ घुसून सरळ बाहेर निघता येईल अशी साईट मिळाली तर सोडू नका. नाही मिळाली तर रिव्हर्स. मागच्या चाकांच्या मागे गाडीचं बरंच शेपूट असतं आणि वळताना ते उलट्या बाजूला जातं. माझा नवरा मागे उभा राहून मोबाईलवर "लेफ्ट, लेफ्ट, नाही, तुझं लेफ्ट" करत होता, शेवटी अण्णा उतरले, त्याला बाजूला केलं, गाडीच्या पत्र्यावर हाताने दोन थापा मारल्या आणि सुरू झाले, येऊ दे, येऊ दे, येऊ दे, बास. एका झटक्यात गाडी जागेवर. शेजारचा अमेरिकन आजोबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवायला लागला.

वीज म्हणजे तिथे तीस अँपिअरचा प्लग असतो. इथले १२० व्होल्ट, म्हणजे सगळे मिळून ३६०० वॉट, बस. आता हिशोब करा. एसी साधारण बारा-तेरा अँपिअर घेतो, इंडक्शन पूर्ण जोरावर पंधरा, आणि त्यात कुणी मायक्रोवेव्ह लावला की गेलं. पहिल्या सकाळी नेमकं हेच. आत गॅसची शेगडी आहे पण उकडतं म्हणून मी हौसेने इंडक्शन नेलेलं, माईंनी त्यावर पोह्यांची फोडणी टाकली, मोहरी तडतडतेय, एसी चालू, लेकीने दूध गरम करायला ठेवलं आणि ठप्प. अंधार, घाम आणि हिंगाचा वास. नवरा युट्यूबवर ब्रेकर कुठे असतो ते शोधतोय, माई शांतपणे म्हणाल्या, "आमच्याकडे रोज जाते, तू कांदा चिर तोवर." तेव्हापासून नियम, स्वयंपाक चालू असताना मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही.

टाक्यांबद्दल विचारायला सगळ्यांना संकोच वाटतो पण जायचं म्हटलं की तेच सगळ्यात आधी विचारतात. टाक्या तीन. चांगल्या पाण्याची, सिंक-बाथरूमच्या पाण्याची म्हणजे ग्रे, आणि संडासाची म्हणजे ब्लॅक. रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइप आपोआप धुतला जातो. हातमोजे घाला आणि नवऱ्यालाच पाठवा. भरते ती आधी ग्रे, कारण आपली भांडी, तेल, कढया. मी सगळं आधी पेपर नॅपकिनने पुसून मग धुते. उलट ब्लॅक टाकीत आपली सवय कामाला येते, कारण तिथे खरा त्रास पाणी कमी आणि कागद जास्त झाला की होतो, खाली थर बसतो. आमच्याकडे मग्गा असल्यामुळे तो प्रश्नच आला नाही. चांगल्या पाण्याची टाकी मात्र घरून भरून नेऊ नका, चाळीस गॅलन म्हणजे दीडशे किलो वजन उगाच वाहायचं, रस्त्यापुरतं घ्या, बाकी तिथे भरा.

आणि एकदा गाडी लावली की ती हलवायची नाही. हे ऐकत नाहीत लोक. आरव्ही घेऊन वॉशिंग्टनच्या गल्ल्यांमध्ये पार्किंग शोधणारा एक तरी आपला माणूस मला दर वर्षी भेटतो. आम्ही उबरने ग्रीनबेल्ट स्टेशनला जातो, ते मेट्रोच्या ग्रीन लाइनचं शेवटचं स्टेशन, चढलं की बसायला जागा हमखास, आर्काइव्ह्जला उतरलं की म्युझियम चालत, स्मिथसोनियनला तिकीट नाही आणि आत बाथरूम हवी तितकी. दुपारी तीनपर्यंत परत. संध्याकाळी लॅनहमचं शिवविष्णू मंदिर, तेही उबरने, माईंचा दिवस तिथे सार्थकी लागतो. एका दिवशी अण्णांना कॉलेज पार्कच्या विमानतळावर नेलं, १९०९ सालचा, अजून सुरू असलेल्यांत जगातला सगळ्यात जुना, विल्बर राइटने तिथे लष्करी अधिकाऱ्यांना विमान चालवायला शिकवलं होतं. शेजारच्या म्युझियममध्ये जुन्या इंजिनांसमोर अण्णा किती वेळ उभे होते विचारू नका. मला म्हणाले, नट बघ, एकाला पण गंज नाही.

ग्रीनबेल्ट गाव पण जाताजाता बघा. मंदीच्या काळात रूझवेल्ट सरकारने आखून वसवलेलं, १९३७ ला पहिली कुटुंबं राहायला आली, घरांच्या मागून पायवाटा आणि रस्त्याखालून पादचाऱ्यांचे बोगदे, मुलांना रस्ता ओलांडायला नको म्हणून. सबर्बात बघण्यासारखं काय असतं म्हणणाऱ्यांनी तिथे अर्धा तास चालावं.

रात्री दहानंतर शांतता पाळावी लागते, पत्ते खेळा पण आवाज आत ठेवा. लाकडं घरून नेऊ नका, लाकडातून किडी पसरतात म्हणून मनाई असते, तिथलीच विकत घ्या. झाडीतून आलात की पोरांचे पाय गोचिडीसाठी तपासा. जुलैत संध्याकाळी काजवे निघतात, अण्णा खुर्ची बाहेर टाकून बसायचे आणि पाण्याची बाटली मांडीवर, तीही अर्धी रिकामी.

राहिलं भाडं. रोजचं वेगळं, मैलामागे वेगळं, जनरेटरचे तास वेगळे, त्यामुळे जाहिरातीतल्या आकड्यावर जाऊ नका, शेवटचा आकडा विचारा. आणि त्यात क्लीनिंग फी किती आणि कशासाठी लागते तेही नीट वाचा, कारण आम्ही पहिल्या ट्रिपच्या शेवटच्या रात्री आत सुरमई तळली होती, सगळ्या खिडक्या उघडून, पंखा लावून. दुसऱ्या दिवशी गाडी परत घ्यायला आलेल्या मुलाने दार उघडलं, एक पाऊल आत टाकलं आणि तसाच मागे फिरून फॉर्म आणायला गेला.