क्रियापदाचं शेपूट आधी बघा: उझ्बेक विद्यार्थ्यांसाठी सम, एनी आणि नो

उझ्बेक मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्याला इंग्रजी शिकवायला घेतलं की ‘नोबडी डिडन्ट कम’ हे वाक्य लवकरच कानावर येतं. ते कुठून येतं हे मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. उझ्बेकमध्ये म्हणतात ‘हेच किम केल्मादी’. ‘हेच किम’ म्हणजे कोणीच, ‘केल्मादी’ म्हणजे आलं नाही. आपणही ‘कोणीच आलं नाही’ असंच म्हणतो, ‘कोणीच आलं’ असं म्हणत नाही. दोन्ही भाषांत नकार क्रियापदावर यावाच लागतो. इंग्रजीत ‘नोबडी’ने एकदा नकार दिला की क्रियापद होकारार्थी राहतं: ‘नोबडी केम’.

उच्चारांबद्दल आधी थोडं सांगतो. उझ्बेक शब्द इथे देवनागरीत जवळपास बसतील असे लिहिले आहेत. उझ्बेक लॅटिन लिपीतला साधा ‘ओ’ आपल्या ‘ऑ’कडे झुकतो, म्हणून ‘बॉर’, ‘कितॉब’. ज्या ‘ओ’च्या डोक्याशी उलटा स्वल्पविराम असतो तो आपला ‘ओ’, जसं ‘कोप’, ‘योक’. ‘हेच’मधला ‘च’ चहातला, आपल्या ‘हेच’मधला नाही.

शाळेत पाठ करून घेतलेला नियम असा असतो: होकारात ‘सम’, प्रश्नात आणि नकारात ‘एनी’. विद्यार्थी तो प्रामाणिकपणे वापरतो आणि ‘एनीबडी डिडन्ट कम’ म्हणतो. नियम पाळूनही वाक्य चुकतं, कारण नियमाचा अर्धा भाग त्याला कोणी सांगितलेलाच नसतो. इंग्रजीत नकार आधी यावा लागतो, ‘एनी’ त्याच्यामागून येतो. कर्ता वाक्याच्या सुरुवातीला असतो आणि त्याच्या आधी नकार नसतो, म्हणून तिथे ‘नोबडी’च बसवायला हवा. कर्माच्या जागी मात्र दोन वाटा आहेत. ‘हेच नार्सा ऑल्मादिम’, म्हणजे मी काहीच घेतलं नाही, याचं ‘आय डिडन्ट बाय एनीथिंग’ होतं आणि ‘आय बॉट नथिंग’ही होतं. पहिलं रोजच्या बोलण्यातलं, दुसरं जोर देणारं. सुरुवातीच्या विद्यार्थ्याला मी दोनच सवयी लावायला सांगेन: कर्ता असेल तर नो-वाला शब्द आणि साधं क्रियापद, कर्म असेल तर ‘नॉट’ आणि मग एनी-वाला शब्द. ‘आय बॉट नथिंग’ नंतर आलं तरी चालतं. एका शब्दाचं उत्तर द्यायचं असेल तर ‘नोबडी’, ‘नथिंग’. तिथे ‘एनीबडी’ चालत नाही, कारण त्याला टेकायला नकारच नसतो.

अनेक उझ्बेक विद्यार्थ्यांना रशियनही येते, पण इथे ती उपयोगी पडत नाही. रशियनमध्येही ‘कोणीच’ आणि ‘नाही’ दोन्ही लागतात, त्यामुळे तीच सवय आणखी पक्की होते.

आता खऱ्या गुंत्याकडे येऊ. उझ्बेकमध्ये ‘कोणीतरी’साठी किमान दोन रूपं रोज लागतात. प्रश्नार्थक शब्दाला ‘दिर’ जोडून एक होतं: ‘किमदिर’ कोणीतरी, ‘निमादिर’ काहीतरी, ‘कायेर्दादिर’ कुठेतरी, ‘काचॉन्दिर’ केव्हातरी. आपल्या ‘तरी’सारखंच हे शेपूट. ‘किमदिर केल्दी’ म्हणजे कोणीतरी आलं: माणूस खरा आहे, फक्त कोण ते माहीत नाही. दुसरं रूप ‘बिरॉर’चं: ‘बिरॉर किशी’, ‘बिरॉर नार्सा’. इथे ठरावीक माणूस किंवा वस्तू मनात नसते, कुठलीही एक चालते.

हे कळलं की विद्यार्थी लगेच जोडी जुळवतो: ‘दिर’ म्हणजे ‘सम’, ‘बिरॉर’ म्हणजे ‘एनी’. ‘बिरॉर किशी केल्दिमी?’ म्हणजे ‘डिड एनीवन कम?’ इथे जमलं. ‘आगार बिरॉर किशी केल्सा’, म्हणजे कोणी आलं तर, याचं ‘इफ एनीवन कम्स’ हेही जमलं. मग येतं ‘बिरॉर नार्सा आयतिंग’, म्हणजे काहीतरी बोला. जोडी पाळणारा विद्यार्थी म्हणतो ‘से एनीथिंग’, आणि ऐकणाऱ्याला वाटतं की काहीही बरळलं तरी चालेल. हवं होतं ‘से समथिंग’.

म्हणून शब्दावरून शब्द ठरवायचा नाही. उझ्बेक वाक्यात क्रियापद शेवटी असतं आणि सगळी माहिती त्याच्या शेपटात असते. विद्यार्थ्याला आधी तिथे बोट ठेवायला लावा. ‘केल्मादी’मध्ये ‘मा’ आहे, म्हणजे नकार: नो-वाला शब्द, किंवा ‘नॉट’ आणि एनी. ‘केल्दिमी’च्या शेवटी ‘मी’ आहे, म्हणजे प्रश्न: बहुतेक वेळा एनी. ‘केल्सा’मध्ये ‘सा’ आहे, म्हणजे ‘तर’: एनी. साधं ‘केल्दी’ किंवा आज्ञार्थ ‘आयतिंग’ असेल तर सम. ‘किमदिर’ आहे की ‘बिरॉर’, हे त्यानंतर बघायचं.

आपल्याकडे ‘कोणी आलं का?’ आणि ‘कोणीतरी आलं’ असा फरक आपोआप होतो. नुसतं ‘कोणी’ प्रश्नात आणि ‘तर’बरोबर, ‘तरी’ होकारात आणि आज्ञेत. म्हणजे एनी आणि सम यांची विभागणी मराठीत जवळजवळ तयारच आहे. त्यामुळे मराठी शिक्षकाला ही अडचण किरकोळ वाटण्याचा धोका असतो.

प्रश्नाच्या बाबतीत एक अपवाद सुरुवातीलाच सांगावा. ‘बिरॉर नार्सा इचासिझ्मी?’, म्हणजे काही पिणार का? शेवटी ‘मी’ आहे, पण हा प्रश्न नसून आग्रह आहे. इंग्रजीत ‘वुड यू लाइक समथिंग टू ड्रिंक?’ म्हणतात. समोरच्याने हो म्हणावं अशी इच्छा असेल तर सम. काही मागतानाही तेच: ‘कॅन आय हॅव सम वॉटर?’

होकारातही एनी येतो, ती जागा वेगळी. ‘इस्तागान किशी किरिशी मुम्किन’, म्हणजे हवा तो माणूस आत येऊ शकतो: ‘एनीवन कॅन कम इन’. उझ्बेकमध्ये याला ‘इस्तागान’, ‘इस्ताल्गान’ किंवा ‘हर कान्दाय’ असे स्वतंत्र शब्द आहेत, ‘हेच’शी त्यांचं नातं नाही. आपलं ‘कोणीही’ मात्र ‘कोणीही येऊ शकतो’ आणि ‘कोणीही आलं नाही’ या दोन्हीकडे चालतं, अगदी एनीसारखं. उझ्बेक विद्यार्थ्याला हे दोन अर्थ एका इंग्रजी शब्दात बसतात यावर पटकन विश्वास बसत नाही. दोन्ही वाक्यं शेजारी लिहून दाखवावी लागतात.

सराव असा घ्यावा. चार वाक्यांचा एक साचा: ‘किमदिर केल्दी’, ‘बिरॉर किशी केल्दिमी?’, ‘हेच किम केल्मादी’, ‘इस्तागान किशी केलिशी मुम्किन’. यांची इंग्रजी रूपं: ‘समवन केम’, ‘डिड एनीवन कम?’, ‘नोबडी केम’, ‘एनीवन कॅन कम’. मग हाच साचा वस्तू आणि जागा यांना लावायचा. बारा वाक्यं होतात. ती न बघता म्हणता येईपर्यंत पुढचा धडा उघडू नये.

विशेषणाच्या जागेबद्दल आपण बेसावध असतो. मराठीत ‘काहीतरी नवीन’ म्हणतो, इंग्रजीत ‘समथिंग न्यू’, क्रम एकच. उझ्बेकमध्ये विशेषण आधी: ‘बिरॉर यांगी नार्सा’, शब्दशः ‘कुठलीतरी नवी वस्तू’. त्यामुळे ‘न्यू समथिंग’ ही चूक उझ्बेक विद्यार्थ्याकडून होते आणि मराठी शिक्षकाला ती अनपेक्षित वाटते.

आता संख्या आणि प्रमाण. उझ्बेकमध्ये आकड्यानंतर नाम एकवचनीच राहतं: ‘बेश्ता कितॉब’, पाच पुस्तक. ‘कोप’, म्हणजे पुष्कळ, याच्यानंतरही साधारण तसंच. त्यातून ‘फाइव्ह बुक’, ‘मेनी बुक’ होतं. ही चूक कळायला सोपी आणि सुटायला कठीण, कारण आकड्यानेच संख्या सांगितली तर शेवटी ‘स’ कशाला, हा त्यांचा तर्क बिनचूक आहे. उलट जिथे इंग्रजीत अनेकवचन नाही तिथे ते लावतात: ‘मालुमॉत्लार’वरून ‘इन्फर्मेशन्स’, ‘मस्लहत्लार’वरून ‘अ‍ॅडव्हायसेस’. (‘मस्लहत’ म्हणजे सल्ला, आपली ‘मसलत’ त्याच घरची.) ‘इक्किता नॉन’ म्हणजे दोन भाकऱ्यांसारखे गोल पाव, उझ्बेकमध्ये सरळ मोजले जातात. इंग्रजीत ‘टू ब्रेड्स’ नाही, ‘टू लोव्ह्ज ऑफ ब्रेड’.

‘कोप’ मोजण्यासारख्या आणि न मोजण्यासारख्या दोन्हींना चालतो, म्हणून ‘मच’ आणि ‘मेनी’ यांची अदलाबदल होते. साध्या होकारात ‘अ लॉट ऑफ’ वापरायला सांगावं, ते दोन्हींना लागतं. ‘आय हॅव मच मनी’ कानाला खटकतंच. ‘मच’ आणि ‘मेनी’ प्रश्नासाठी, नकारासाठी आणि ‘हाउ’, ‘सो’, ‘टू’ (अति या अर्थाचा) यांच्यामागे ठेवावेत.

‘फ्यू’ आणि ‘अ फ्यू’ यांच्यावर मात्र पूर्ण तास द्यावा. उझ्बेकमध्ये इंग्रजीसारखी उपपदं नाहीत, म्हणून विद्यार्थी ‘अ’ गाळतात. एरवी त्याने वाक्य ओबडधोबड होतं, अर्थ टिकतो. इथे अर्थच उलटतो. ‘बिर नेचता दोस्तिम बॉर’, मला काही मित्र आहेत: ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’. ‘दोस्तलारिम कम’, माझे मित्र कमी आहेत: ‘आय हॅव फ्यू फ्रेंड्स’. पहिल्यात समाधान आहे, दुसऱ्यात खंत. उझ्बेकमध्ये हा फरक वेगळ्या शब्दांनी होतो, त्यामुळे अर्थ त्यांना आधीच ठाऊक असतो. ‘कम’ला ‘फ्यू’ किंवा ‘लिटल’, ‘बिर नेचता’ला ‘अ फ्यू’, ‘ऑझ्गिना’ला ‘अ लिटल’, एवढं बांधून दिलं की पुरतं. ‘बिर’ म्हणजे एक, आणि इंग्रजी ‘अ’ही मुळात ‘एक’च, ही खूण विद्यार्थी विसरत नाहीत.

‘ऑफ’ कधी लावायचा, याचीही खूण उझ्बेकमध्येच आहे. ‘कोपचिलिक तालाबालार’ म्हणजे बहुतेक विद्यार्थी: ‘मोस्ट स्टुडंट्स’. ‘तालाबालार्निंग कोपचिलिगी’ म्हणजे त्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक: ‘मोस्ट ऑफ द स्टुडंट्स’. प्रमाणाच्या शब्दाला मालकीचा प्रत्यय लागला की ‘ऑफ’ येतो, आणि त्याच्यामागे ‘द’ किंवा सर्वनाम. ‘हम्मामिझ’ आपण सगळे, ‘ऑल ऑफ अस’. ‘इक्कालामिझ’ आपण दोघं, ‘बोथ ऑफ अस’. ‘हेच बिरिमिझ’ आपल्यापैकी कोणीच नाही, ‘नन ऑफ अस’. प्रत्यय नसेल तर ‘ऑफ’ नाही. ‘मोस्ट ऑफ स्टुडंट्स’ ही अर्धवट चूक यानेच जाते. ‘हर बिर’ला ‘एव्हरी’ किंवा ‘ईच’ चालतो, पण ‘तालाबालार्निंग हर बिरी’ला ‘ईच ऑफ द स्टुडंट्स’च, कारण ‘एव्हरी ऑफ’ इंग्रजीत नाही.

‘हम्मा’वरून येणारा ‘एव्हरीबडी’ अर्थाने अनेक असला तरी क्रियापद एकवचनी घेतो: ‘एव्हरीबडी इज हिअर’. सर्वनाम मात्र ‘देअर’: ‘एव्हरीबडी हॅज ब्रॉट देअर बुक’. उझ्बेक ‘उ’मध्ये तो, ती, ते असा भेद नाही, म्हणून ‘हिज’ की ‘हर’ हा प्रश्न त्यांना तसाही नकोसा असतो. ‘देअर’ ते आनंदाने घेतात.

शेवटचं ‘अनदर’. ‘याना बिर पियॉला चॉय’ म्हणजे आणखी एक पेला चहा, ‘बॉश्का पियॉला’ म्हणजे दुसरा, वेगळा पेला. इंग्रजीत दोन्हींना ‘अनदर’, पण साधारणपणे एकवचनात. ‘याना इक्किता कितॉब’ झालं की ‘टू मोर बुक्स’, ‘बॉश्का कितॉब्लार’ झालं की ‘अदर बुक्स’. ‘अनदर बुक्स’ लिहिलेलं दिसलं की ‘अनदर’मधला ‘अन’ वेगळा करून फळ्यावर लिहा, आणि तो ‘एक’ अनेक पुस्तकांपुढे कसा येईल, हे विद्यार्थ्यालाच विचारा.