मेटल हॅलाइड उतरवून एलईडी लावताना

माझ्या रीफ टँकवर, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवतो त्या खाऱ्या पाण्याच्या टाकीवर, 250 वॉटचे दोन मेटल हॅलाइड दिवे होते. प्रकाशाबद्दल तक्रार नव्हतीच, उष्णतेनं मात्र जीव नकोसा केला होता. दिवे लागले की पाणी तापायचं आणि पाणी थंड करणारा चिलर दिवसभर धापा टाकायचा. शिवाय बल्ब जळला नाही तरी वर्षभरात बदलायचा, कारण त्याचा रंग ढळतो आणि प्रकाश घटतो. रोज बघणाऱ्या डोळ्यांना ते कळतही नाही.

एलईडी आणण्याआधी जुन्याच दिव्यांखाली पार मीटर (प्रकाशसंश्लेषणाला उपयोगी पडणारा प्रकाश मोजणारं यंत्र) फिरवला. ॲक्रोपोरा (फांद्यांचे, भरपूर प्रकाश लागणारे कोरल) होते त्या वरच्या खडकावर आकडा 300 च्या वर, वाळूवर 100 च्या आसपास. हे आकडे लिहून ठेवले, कारण वॉटला वॉट लावून हा हिशोब जमत नाही. लक्स मीटरचाही इथे उपयोग नाही. तो माणसाच्या डोळ्याच्या मापानं मोजतो, म्हणजे हिरव्या-पिवळ्या प्रकाशाला झुकतं माप. रीफच्या एलईडीचा जोर असतो 450 नॅनोमीटरच्या आसपासच्या निळ्यावर. म्हणून तो डोळ्यांना मंद वाटतो आणि हात आपसूक डिमरकडे जातो. मी तो आवरला. सुरुवात 40 टक्क्यांवर केली आणि आठवड्याला थोडं थोडं वाढवत नेलं. मधे मॉन्टिपोरा जातीच्या एका कोरलची वरची बाजू फिकट पडू लागली, तेव्हा तिथेच थांबलो आणि रंग परतल्यावरच पुढे सरकलो.

खरी डोकेदुखी निघाली सावल्यांची. मेटल हॅलाइडचा रिफ्लेक्टर चांगला असेल तर प्रकाश तिरपा येऊन फांद्यांच्या बगलेतही पोचतो. एलईडीचा झोत वरून सरळ पडतो. ॲक्रोपोराची टोकं निळी-जांभळी झळाळत होती, पण खाली वाकून पाहिलं तर फांद्यांची खालची बाजू तपकिरी होत चाललेली. दिवा उंच टांगला, थोडा फरक पडला. दोन्ही बाजूंना टी5 ट्यूब (बारीक फ्लुरोसंट नळ्या) लावल्या तेव्हा कुठे सावल्या भरून निघाल्या. दाट ॲक्रोपोरा असतील तर नुसत्या एलईडीवर विसंबू नये, असं माझं स्पष्ट मत आहे. एलपीएस (मोठ्या पॉलिपचे कठीण कोरल) किंवा सॉफ्ट कोरलवाल्यांना एवढा खटाटोप करावा लागणार नाही.

पाण्यावर झुळझुळणाऱ्या प्रकाशरेषा एलईडीतही दिसतात, पण रंग फुटलेले दिसतात. हॅलाइडची ती मजा गेली ती गेलीच.

एक गोष्ट अनपेक्षित होती. केएच (पाण्याची कार्बोनेट क्षारता) हळूहळू उतरू लागला. तो टिकवायला मी कॅल्शियम हायड्रॉक्साइडचं पाणी टॉप-अपमधून, म्हणजे उडून गेलेल्या पाण्याच्या भरपाईतून, देत होतो. पाणी तापेनासं झालं तसं बाष्पीभवन घटलं, टॉप-अप कमी जाऊ लागला आणि त्याबरोबर जाणारा डोसही. कोरलची भूक तेवढीच होती. आता डोसिंग पंप वेगळा बसवलाय आणि टॉप-अपमध्ये नुसतं आरओ-डीआय (गाळून क्षार काढलेलं) पाणी जातं. चिलर क्वचितच लागतो, उलट थंडीत हीटर जास्त चालतो.