व्याही वेगळ्या धर्माचे, सण आपला

तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगते. प्रश्न बहुतेक असाच असतो: गणपतीला लेकीच्या सासरची मंडळी येणार आहेत, ती मुसलमान आहेत. किंवा सून ख्रिस्ती आहे आणि तिचे आईवडील पहिल्यांदाच घरी येताहेत. नाहीतर जावई जैन. कसं वागायचं, काय टाळायचं?

माझं उत्तर एकच आहे. पाहुण्याला चारचौघांत "नको" म्हणायची वेळ येऊ देऊ नका. गोड बोलणं सगळ्यांनाच येतं. अडतं ते मांडणीत: वेळ, स्वयंपाक, आरतीचं तबक, प्रसादाची वाटी. तेवढं आधी नीट लावलं की बोलण्यावर फारसा भार पडत नाही.

कोल्हापूरकरांना वाटतं, हे आपल्याला सवयीचंच आहे. बाबूजमालसारख्या तालमीत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, कुरुंदवाडला मशिदीत गणपती बसतो. याचा अभिमान असायलाच हवा. पण तालमीत माणूस आपल्या मनानं येतो, आणि नकोसं वाटलं तर निघून जातो. व्याही नात्यापोटी येतात, त्यांना मधूनच उठून जाता येत नाही. म्हणून घरात जास्त जपावं लागतं.

चार-पाच दिवस आधी फोन करा, आणि तो सुनेला किंवा जावयाला करा, थेट विहीणबाईंना नको. त्या भिडेखातर "काहीही चालेल" म्हणतील. "चालतं का?" असं न विचारता "काय करू?" असं विचारा. काय खात नाहीत, किती वाजेपर्यंत जेवतात, नैवेद्य दाखवलेलं घेतात का, एवढं कळलं की पुरे. एकाच धर्माची दोन घरं सारखी नसतात. प्रसाद आनंदानं खाणारी मुसलमान आणि ख्रिस्ती घरं आहेत, न खाणारीही आहेत. गणपतीपुढं हात न जोडणारी बौद्ध घरंही आहेत. अंदाज बांधू नका.

वेळ ठरवताना पंचांगाइतकंच घड्याळ बघा. दिगंबर जैनांचं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीला सुरू होतं आणि अनंत चतुर्दशीला संपतं, म्हणजे नेमके गणपतीचेच दिवस. त्या दिवसांत कुणाचा उपास असतो, कुणी एकवेळच जेवतं. एरवीही सूर्यास्तानंतर न जेवणारे बरेच. आपल्याकडं तेव्हा सूर्य पावणेसातच्या आगेमागे मावळतो, आरती साडेसातला आणि पानं नऊला. जैन पाहुणा मग उपाशी बसून राहतो. म्हणून शक्यतो दुपारचंच बोलवा. शुक्रवार असेल आणि मुसलमान पाहुणे असतील तर जुम्म्याच्या नमाजची वेळ विचारून जेवण त्यानंतर ठेवा. संध्याकाळीच बोलवायचं असेल तर ज्यांना लवकर जेवायचं आहे त्यांची पानं साडेपाचला मांडा. त्यांच्यासोबत घरातली दोन माणसंही बसू देत, नाहीतर त्यांना वेगळं काढल्यासारखं वाटतं. सूर्य मावळल्यावर मगरिबची नमाज असते. एक खोली मोकळी ठेवा, धुतलेली चादर अंथरा, वजूसाठी, म्हणजे नमाजाआधी हातपाय-तोंड धुवायला, नळ दाखवा. कोल्हापुरातून काबा पश्चिमेला, किंचित उत्तरेकडं कलून आहे. त्या भिंतीवर तसबिरी नसतील अशी खोली निवडा. दहा मिनिटांचा प्रश्न असतो. तेवढ्यात आरती सुरू करू नका.

आता स्वयंपाकघर. सगळ्यात जास्त चुका इथंच होतात, आणि कोल्हापुरात त्याचं कारण म्हणजे आपली चटणी. कांदा-लसूण चटणी आपण आमटीत, उसळीत, वांग्यात, सगळीकडं सवयीनं घालतो, आणि मग "कांदा-लसूण नाही हो घातला" असं मनापासून सांगतो. कारण चिरून घातलेला नसतो. जैन पाहुणे असतील तर त्या दिवशी चटणीचा डबा फळीवरून खाली काढूच नका. साधी लाल मिरचीपूड वापरा. विकतच्या मसाल्याच्या पाकिटावर काय काय घातलंय ते वाचा. बटाट्याऐवजी कच्ची केळी, आल्याऐवजी सुंठ. गाजर, मुळा, बीट नको. हळद आणि शेंगदाणे बहुतेकांना चालतात. मोडाची कडधान्यं आणि दहीवडा काही घरांत चालत नाही, ते विचारून घ्या. पिण्याचं पाणी स्वच्छ फडक्यानं गाळून ठेवा.

पुरणपोळीचा बेत असेल तर कटाची आमटी अशी करा. एक किलो हरभरा डाळ शिजवून कट काढला की फोडणीआधीच तो दोन पातेल्यांत वाटा. पहिल्याला हिंग, जिरं, कढीपत्ता, भाजलेलं सुकं खोबरं, मिरचीपूड, गूळ. दुसऱ्याला तुमची नेहमीची चटणी. पहिली आमटी आधी करून झाकून बाजूला ठेवा, म्हणजे चटणी ढवळलेला डाव चुकून त्यात जाणार नाही. वाढायच्या वेळी घात होतो तो याच डावानं. पंगत रंगात येते, पुतण्या घाईनं एकच डाव दोन्हीकडं फिरवतो, आणि सकाळपासूनची मेहनत वाया जाते. दोन पातेली, दोन डाव, आणि ती आमटी वाढायला एकच ठरलेला माणूस.

मटणाचा बेत असला की पांढऱ्या रश्श्याची वाटी जपा. शाकाहारी माणसाला तो नारळाच्या दुधाची कढी वाटतो. मटणाचं पाणी आहे हे पाहून कळत नाही. ती वाटी त्यांच्या पंक्तीत जाऊच देऊ नका. मुसलमान पाहुण्यांसाठी मटण कुठल्या दुकानातून आणायचं ते सुनेला किंवा जावयाला विचारून आणा, आणि "तिथूनच आणलंय" असं वाढण्याआधी सहज कानावर घाला.

नैवेद्याबद्दल एक बारीक गोष्ट. बऱ्याच घरांत नैवेद्याचं ताट दाखवून झालं की त्यातला घास-घास परत पातेल्यात मिसळतात. ज्यांना देवापुढचं अन्न चालत नाही, त्यांच्या दृष्टीनं मग सगळं पातेलंच प्रसाद होतं. त्या दिवशी मिसळू नका. ताट घरच्यांनी वाटून घ्यावं, पातेल्यातलं सगळ्यांना. देवाचं काही कमी होत नाही आणि पाहुणा निर्धास्त जेवतो.

आरतीला पाहुणे आले तर मागं उभे राहू देत, नाही आले तर बाहेरच्या खोलीत त्यांच्याजवळ घरातलं कुणीतरी बसावं. तबक प्रत्येकाच्या पुढ्यात फिरवू नका. आरती झाली की चौरंगावर ठेवा, ज्याला हवं तो पुढं येऊन घेईल. खिरापतीचंही तसंच. हळदी-कुंकवाला करंडा थेट कपाळाकडं न्यायचा नाही. नुसतं फूल आणि फळ हातात दिलं तरी मान होतो. आणि फोटो काढताना कुणाला देवापुढं हात जोडायला लावू नका. तो फोटो त्यांच्या नातेवाइकांच्या मोबाईलवर जातो आणि उत्तरं त्यांना द्यावी लागतात.

बोलण्यात सगळ्यात जास्त लागतं ते "तुमच्यात" आणि "आमच्यात". "तुमचं मराठी किती छान आहे हो!" हे तर कधीच म्हणू नका. पिढ्यान् पिढ्या इथंच राहणाऱ्या माणसाला ते फार लागतं. घरात राजकारण काढणारे एखादे काका असतातच. त्यांना आदल्या दिवशीच सांगा, आणि पंगतीत त्यांच्या शेजारी त्यांचं ऐकून घेणारी आत्याच बसवा.

तुम्ही पाहुणे म्हणून जाल तेव्हा हेच उलट्या बाजूनं. ईदची नमाज सकाळी असते. शाहू महाराजांनी १९०६ मध्ये सुरू केलेल्या मुस्लिम बोर्डिंगच्या दसरा चौकातल्या पटांगणावर मोठी गर्दी होते. लोक घरी परतून स्थिरस्थावर झाल्यावर, अकराच्या सुमारास जा. शिरखुर्मा दूध, शेवया, खजूर आणि सुक्यामेव्याचा असतो, शाकाहारी माणसानं बिनधास्त घ्यावा. इफ्तारला बोलावलं असेल तर सूर्यास्ताच्या दहा मिनिटं आधी पोचा आणि त्यांच्याआधी खजूर तोंडात टाकू नका. बाईमाणसापुढं आपण होऊन हात पुढं करू नका, त्यांनी केला तर मिळवा. नाताळला सकाळी चर्चची उपासना असते, म्हणून संध्याकाळी जा. मराठी ख्रिस्ती घरांत केकबरोबर करंज्या-शंकरपाळ्याही असतात. अंडं खात नसाल तर केकवरून चर्चा न करता फराळाची बशी पुढं ओढा. भेट म्हणून फळं न्या, किंवा दुकानातले ताजे पेढे. अंबाबाईच्या देवळातला प्रसाद मात्र विचारल्याशिवाय नेऊ नका. आणि गुड फ्रायडेला "शुभेच्छा" पाठवू नका, तो येशूच्या मृत्यूच्या स्मरणाचा दिवस आहे. शुभेच्छा ईस्टरला.

एवढं करूनही कधी डाव चुकतोच. तेव्हा लपवू नका. ज्यांच्या पानात गेलं त्यांच्याजवळ जाऊन हळू आवाजात सांगा, "मावशी, या आमटीत चटणीचा डाव गेला, पान बदलते." नवीन पान घ्या, त्यावर भात, तूप आणि केळ्याची भाजी वाढा. ज्या पोरानं डाव फिरवला त्याला पाहुण्यांसमोर बोलू नका, नाहीतर त्या मावशींनाच त्याची बाजू घ्यावी लागेल आणि जेवण तिथंच अडेल.