गैरहजर: ल आणि ळ

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात माझ्या लॅपटॉपची एक कळ मेली. एनची. इंग्रजी लिहिणाऱ्याचा एन गेला तर एक अक्षर जातं. मी इनस्क्रिप्टवर मराठी लिहितो. त्या पद्धतीत एनच्या जागी ल बसतो आणि शिफ्ट दाबून तीच कळ मारली की ळ. म्हणजे माझी दोन अक्षरं गेली, आणि दोन्ही अशी की त्यांच्यावाचून आमच्या घरात साधं जेवणही वाढता येत नाही. नारळ नाही, तांदूळ नाही, कुळीथ नाही, सोलकढी नाही. बांगडा वाचला, कोळंबी गेली.

पहिल्या दिवशी मी याची गंमत करत बसलो. सिंधुदुर्गाचे आठ तालुके मोजले. कुडाळ, मालवण, कणकवली, वेंगुर्ले गेले. सावंतवाडी, देवगड, दोडामार्ग, वैभववाडी राहिले. बरोबर निम्मा जिल्हा. कळफलक हा शब्द टाइप केला तर 'कफक' उमटलं, आणि ते त्या यंत्राच्या तेव्हाच्या अवस्थेला अगदी शोभलं.

मग काकी वही घेऊन आली. ती बचत गटाची सचिव आहे. सभेचा वृत्तांत तिला टाइप करून हवा असतो, आणि वृत्तांत म्हणजे सगळा भूतकाळ. सभा झाली, हिशेब मांडला, ठराव मंजूर केला. इथे माझ्या लक्षात आलं की मराठीत एखादी गोष्ट पुरी झाली हे सांगायचं तर ल लागतोच. आला, गेली, केलं, बसले. तो काढून घेतला तर भूतकाळात 'होता' आणि 'होती' यांच्यापलीकडे फारसं काही शिल्लक राहत नाही. ('भूतकाळ' लिहायलाही ळ हवा, ते सोडा.) तरी मी लिहून पाहिलं: 'आज सभा होती. सर्व सभासद हजर होते. कर्जाचा विषय होता, त्यावर चर्चा होत होती. चहा होता.'

काकीने चष्मा सारून वाचलं. "आणि ठरला काय?"

ठरलं काय ते ल नसताना सांगता येत नव्हतं. खरं म्हणजे पुष्कळ सभांचा हाच प्रामाणिक वृत्तांत असतो, पण ते मी तिला म्हणालो नाही.

दुरुस्तीच्या मागे लागलो तेव्हा आधी चोर आत आहे की बाहेर ते बघायचं होतं. रीस्टार्ट केलं तर पासवर्डातच एन निघाला. लॉगिनच्या पानावर कोपऱ्यात पडद्यावरचा कीबोर्ड मिळतो, त्यावर माऊसने टिचक्या मारत आत शिरलो. इंग्रजीतही एन उमटेना, तेव्हा इनस्क्रिप्ट निर्दोष सुटला. पुतण्याचा यूएसबी कीबोर्ड जोडला, त्यावर ल आणि ळ दोघेही मुकाट हजर. म्हणजे विंडोज ठीक, बिघाड कळेतच. शिवाय ऐंशी-शंभर कळांसाठी आत तेवढ्या तारा नसतात. आडव्या-उभ्या रेघांची जाळी असते आणि प्रत्येक कळ एका छेदावर बसते. एखादी रेघ तुटली असती तर तिच्यावरच्या चार-पाच कळा एकदम गेल्या असत्या. माझी एकटीच गेली होती, तेव्हा दुखणं तिच्या बुडाखालीच असणार.

हे सगळं मी काकीला समजावून सांगितलं. ती तेव्हा मिठाची बरणी पुसत होती. पावसात आमच्याकडे बरणीच्या बाहेरसुद्धा ओल येते.

"मिठाक पाणी सुटता," ती म्हणाली, "मगे ह्येका कित्याक सुटाचा नाय?"

माझ्या दीड तासाच्या तपासाचा निकाल तिने बरणीवरून दिला. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं. जुलैत ती त्याखाली क्वचितच येते. आणि मीठ आमच्याकडे नुसतं बरणीत नसतं. दुपारचे खारे वारे ते खिडकीच्या गजांवर आणि पंख्याच्या पात्यांवर आणून ठेवतात. पत्र्याचे खिळे, सायकलची साखळी, गॅसची शेगडी गंजते तेव्हा कोणी दचकत नाही. मी मात्र वर्षभर समुद्राकडच्या ओटीवर लॅपटॉप उघडा टाकून बसलो होतो. कळेच्या रबरी टोपीखाली प्लास्टिकचे दोन पातळ पापुद्रे असतात, त्यांच्यावरच्या रेघा एकमेकींना टेकल्या की अक्षर उमटतं. त्यांच्यात खारी ओल शिरली की कधी कळ आपोआप बडबडते, कधी टेकायची जागाच गंजून कायमची गप्प होते.

पुतण्या म्हणाला तांदळात पुरून ठेवा. आहेत ते तांदूळ जेवायला राहू देत, असं काकीने ठरवलं, आणि या बाबतीत मी तिच्या बाजूचा आहे. तांदूळ ओल फारशी ओढत नाही, उलट त्याचा भुसा आत जातो. मेडिकलमधून स्पिरिटची बाटली आणली. लॅपटॉप बंद केला, चार्जर काढला, प्लास्टिकच्या फूटपट्टीच्या कोपऱ्याने एनची टोपी हलकेच उचकटली. तिच्याखालचा कात्रीसारखा सांगाडा इतका नाजूक असतो की शिंक आली तर उडेल. मी श्वास धरून बसलो होतो. कापसाच्या काडीने रबराच्या कडेने स्पिरिट फिरवलं, टोपी बसवली, पन्नासेक वेळा दाबली आणि रात्रभर चुलीजवळच्या फळीवर सुक्या सुंगटांच्या, म्हणजे कोळंबीच्या, डब्याशेजारी वाळत ठेवला. अजून त्याला थोडा वास येतो.

सकाळी ल आला. जरा जास्तच आला. एकदा दाबला की दोनदा उमटायला लागला. 'माललवण', 'झालली'. भराभर आलेला दुसरा ठोका विंडोजने सोडून द्यावा अशी सोय सेटिंग्जमध्ये असते, फिल्टर कीज म्हणतात तिला. ती नंतर चालू केली. त्याआधी काकीच्या वृत्तांताचा पहिला परिच्छेद लिहून झाला होता, आणि तिने तो मोठ्याने वाचला.

"आधी एक गावत नाय होतो," ती म्हणाली, "आता दोन दोन गावतत."